दूध बाळाचे, झीज आईची

रायगडाची हिरकणी आपणा सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. दूध घालण्यासाठी गडावर गेलेली ही गवळण, गडाचे दरवाजे बंद झाले तेव्हा घरी राहिलेल्या तान्ह्याच्या ओढीने रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. तिच्या नावाचा बुरूज आजही दाखवला जातो. एसटीच्या अनेक स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी जी आडोशाची खोली असते, तिलाही 'हिरकणी कक्ष' हेच नाव मिळाले आहे. ही कथा सांगताना आपण तिच्या धैर्याचे गुणगान करतो आणि बाळ आईच्या कुशीत शांत झाले, येथे कथा संपवतो. त्या कड्यावर तिचे हातपाय किती सोलवटले, त्या रात्री तिला कोणी गरम जेवण वाढले का, दुसऱ्या दिवशी तरी ती निजू शकली का, हे कथेत कोठेच येत नाही.

मातृत्वाकडे पाहण्याची आपली रीत अशीच आहे. आईच्या दुधाची थोरवी गाण्यात आपण कधी कमी पडलो नाही. पण ते दूध ज्या देहातून येते त्याची विचारपूस मात्र राहून जाते. त्यातून दोन टोके तयार झाली आहेत. एक म्हणजे, आईने सर्व काही सोसावे, कारण ती आई आहे. दुसरे म्हणजे, आई आजारी पडली, तिला गोळ्या सुरू झाल्या, की लगेच 'दूध तोडा' असा सल्ला द्यावा. पहिल्यात आईचे नुकसान होते, दुसऱ्यात दोघांचेही. बहुतेक वेळा आईची प्रकृती सांभाळणे आणि बाळाला अंगावर पाजणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. किंबहुना पहिली नीट केली तरच दुसरी नीट होते. ते कसे, हे प्रस्तुत लेखात पाहू.

दूध येते कोठून?

बाळ ओढू लागले की त्या स्पर्शाचा संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे पोहोचतो आणि तिच्यातून दोन संप्रेरके रक्तात उतरतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करण्याचे काम करते. ऑक्सिटोसिन तयार झालेले दूध पुढे ढकलते. आपल्या आज्या ज्याला 'पान्हा फुटणे' म्हणतात ते या दुसऱ्या संप्रेरकाचे काम. बाळ जितके ओढेल तितके दूध तयार होते; म्हणून दूध कमी वाटले तर वरचे दूध सुरू करण्यापेक्षा अधिक वेळा पाजणे हाच पहिला उपाय ठरतो. पान्ह्याचा मात्र मनाशी निकटचा संबंध आहे. वेदना, भीती, टोचून बोलणे यांनी तो अडतो आणि धीर मिळाला की पुन्हा येतो. 'हिला दूधच नाही' असे चारचौघांत म्हटल्याने दूध वाढल्याचे उदाहरण अजून ऐकिवात नाही. बाळाला दूध पुरते की नाही याची साधी खूण अशी: चोवीस तासांत ते सहा किंवा अधिक वेळा लघवी करते आणि अंगणवाडीच्या काट्यावर त्याचे वजन वाढत राहते.

दूध चांगले येऊ लागले की आईच्या अंगावर दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध तयार होते. त्यासाठी तिला पहिल्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात आणि पुढील सहा महिन्यांत सुमारे ५२०, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. आपल्या ताटाच्या भाषेत सांगायचे तर मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर घट्ट उसळ, एवढी भर. हे काही राजेशाही खाणे नव्हे. पण सर्वांची जेवणे झाल्यावर तळाशी उरलेले जिच्या वाट्याला येते तिला ही भर मिळते का, हा खरा प्रश्न आहे.

आई थोडीफार उपाशी राहिली तरी दुधाचे प्रमाण आणि कस सहसा फारसे घटत नाहीत. बाळाच्या दृष्टीने ही चांगली बाजू. पण हीच गोष्ट आईच्या मुळावर येते. दूध चांगले चालले आहे ना, मग आई ठीकच असणार, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात शरीर साठ्यातून उचल करीत असते. दुधातले कॅल्शियम आहारातून कमी पडले तर ते हाडांतून घेतले जाते. दूध सुटल्यावर हाडे पुन्हा भरून येतात, ही निसर्गाची कृपा. परंतु भरून यायला अन्न लागते आणि अवधीही. दुसरीकडे काही जीवनसत्त्वे अशी आहेत की ती आईच्या आहारात नसतील तर दुधातही उतरत नाहीत. ब-१२ हे त्यांतले महत्त्वाचे. केवळ शाकाहारी आणि त्यातही दूध-दही न मिळणाऱ्या आईच्या अंगात ते कमी असेल, तर अंगावरच्या बाळाची वाढ मंदावते, ते निस्तेज होते, शिकलेल्या हालचालीही विसरू लागते. अशा वेळी आईचे दूध बंद करणे हा उपाय नव्हे. आई आणि बाळ दोघांनाही ब-१२ देणे हा उपाय होय.

गोठ्यातले शहाणपण

येथे एक तुलना करावीशी वाटते. ती कोणाला खटकली तर क्षमा असावी. आपला अहमदनगर जिल्हा, २०२४ मध्ये ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, हा दुधाचा जिल्हा आहे. संगमनेर, राहाता, राहुरी या भागांत गाय व्याली की शेतकरी तिला घास, मका, सरकी पेंड वाढवून घालतो. दूध वैरणीतून येते हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. व्यायलेली गाय कॅल्शियम उतरल्याने बसून राहिली, तर तो रात्री-अपरात्री डॉक्टरला बोलावून आणतो. त्याच घरात सून बाळंत झाली, तिची कंबर धरली, चक्कर आली, केस मूठ-मूठ जाऊ लागले, तर 'बाळंतपणात असे व्हायचेच' असे म्हणून विषय संपतो. गोठ्यातले हे शहाणपण स्वयंपाकघरात आणणे एवढेच बहुतेक घरांत बाकी आहे.

आपल्या परंपरेने बाळंतिणीकडे मुळीच लक्ष दिले नाही असे मात्र नव्हे. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी यावे आणि सव्वा महिना तिने कामाला हात लावू नये, ही रूढी म्हणजे एका परीने विश्रांतीची रजाच होती. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खसखस, बाजरीची भाकरी आणि तूप यांत उष्मांक, लोह व कॅल्शियम यांची चांगली बेगमी आहे. पण त्याच परंपरेत काही घातक गोष्टीही आहेत. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, फळे व हिरव्या भाज्या 'थंड' म्हणून वर्ज्य करायच्या, कडधान्ये 'वातूळ' म्हणून टाळायची, बंद खोलीत शेगडीच्या धुरात तिला आणि बाळाला कोंडायचे, पहिले घट्ट पिवळसर चीक दूध टाकून द्यायचे. यांपैकी एकालाही आधार नाही. तहान लागेल तेवढे पाणी तिने प्यावे. अकारण तांबे रिचवून मात्र दूध वाढत नाही. मेथी, शेवग्याचा पाला, राजगिरा, मटकी, हुलगे, शेंगदाणे, गूळ, दूध, आणि चालत असेल तर अंडी व मासळी, हेच तिचे खरे टॉनिक. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला माहेरही सुटते आणि सव्वा महिन्याचे आठ दिवस होतात. झीज वाढत जाते तशी विश्रांती घटत जाते, हा उलटा हिशेब आहे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपण्याच्या कामाबद्दल २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला. त्यांच्या बियाण्यांत वाल-घेवड्यांचे आणि पालेभाज्यांचे नाना प्रकार आहेत. ज्या घराच्या परसात असे वेल चढलेले असतात तेथील बाळंतिणीच्या ताटात भाजी बाजाराच्या दिवसाची वाट पाहत नाही. याच तालुक्यातील आदिवासी गावे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत येतात. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत गर्भवतीला आणि सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या आईला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देण्याची सोय केली गेली. तिने तेथेच बसून जेवावे यामागे व्यवहारज्ञान आहे; शिधा घरी गेला की तो सर्वांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला पुन्हा तळच येतो.

जामखेडचा धडा

आई आणि बाळ यांचा एकत्र विचार कसा करावा याचा धडा आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेला, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तो भाग दुष्काळी, रस्ते नाहीत, डॉक्टर नाहीत. त्यांनी गावागावांतून एकेक स्त्री निवडायला सांगितली. यांतल्या बहुतेक जणी निरक्षर होत्या आणि अनेक जणी दलित समाजातल्या होत्या. त्यांना शिकवून ग्रामआरोग्य सेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबावर मीठ-साखर-पाणी, क्षयाची ओळख ही कामे त्या गावात राहून करू लागल्या. या कार्यासाठी १९७९ साली आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या प्रयोगाचे मर्म औषधांत नव्हते. गर्भारपणी जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल, अशी समजूत खेडोपाडी घट्ट होती. ती समजूत बाहेरच्या डॉक्टरने सांगून जात नाही. शेजारच्या चार बाळंतपणे झालेल्या बाईने सांगितली तर जाते. सुनेला सासूने पोटभर वाढावे यासाठी आधी सासूशी बोलावे लागते; पाणी जवळ आले तर सुनेची पायपीट वाचते; महिला मंडळातून चार पैसे तिच्या हाती आले तर तिला घरात शब्द मिळतो. पाणी, धान्य आणि स्त्रीची घरातील पत यांना जामखेडने आरोग्याचाच भाग मानले. बाळाच्या दुधाची वाट घरातल्या सत्तेच्या वाटणीतून जाते, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने तेथे जाऊन पाहण्यासारखे आहे.

रक्त आणि गोळ्या

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे बहुसंख्य स्त्रिया आधीच रिकाम्या तिजोरीने बाळंतपणाला सामोऱ्या जातात आणि बाळंतपणात रक्त जातेच. म्हणून बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज एक लोहाची गोळी आणि त्याच काळात कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात असे सरकारी धोरण आहे. त्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. पण बाळ हातात आले की आईच्या गोळ्या फळीवर धूळ खातात. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, नाही तर ती नीट अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा मात्र तिला मदत करतो. मिशरीचा येथेच उल्लेख करायला हवा. तंबाखू भाजून केलेली ही पूड आपल्याकडील कितीतरी स्त्रिया सकाळी दातांना लावतात. तिच्यातले निकोटीन दुधात उतरते. मिशरी सोडावी हे उत्तम. सुटत नसेल तर ती कमी करावी, पण त्यासाठी बाळाचे दूध तोडू नये.

आई आजारी पडली तर?

सर्वांत जास्त गैरसमज येथे आहेत. सर्दी, ताप, जुलाब, टायफॉइड यांत पाजणे थांबवण्याचे कारण नाही. आईला आजार जाणवेपर्यंत बाळाचा त्या जंतूंशी संपर्क बहुधा झालेलाच असतो आणि तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये दुधातूनच बाळाला मिळतात. आईने हात धुवावेत, खोकला असेल तर तोंडाला पदर किंवा मास्क लावावा. पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन यांसारखी नेहमीची औषधे पाजत असताना चालतात. डॉक्टरकडे गेल्यावर पहिले वाक्य मात्र हवे, 'मी बाळाला अंगावर पाजते.' हे कळले तर डॉक्टरला चालणारे औषध निवडता येते.

छातीत दूध साकळून गाठ आली, लाली आली, ताप भरला, तर अनेक घरांत त्या बाजूचे पाजणे बंद करतात. हे उलट आहे. दूध साचून राहिले तर दुखणे वाढते. पाजत राहावे, बाळ ओढत नसेल तर हाताने दूध काढावे, आणि दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टरला दाखवावे. गाठीत पू झाल्यास तो काढावा लागतो. बोंडाला चिरा पडणे हे बहुधा बाळाने केवळ बोंड धरल्यामुळे होते. त्याने भोवतीचा काळा भागही तोंडात घेतला की वेदना थांबते. दात खाऊन वेदना सोसत राहणे हे काही मातृत्वाचे लक्षण नव्हे.

थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, फेफरे यांची औषधे घेणाऱ्या कितीतरी आया बाळासाठी आपली औषधे परस्पर बंद करतात. त्याने दोघांचेही नुकसान होते. थायरॉइडची गोळी आणि इन्सुलिन यांची बाळाला बाधा होत नाही, आणि इतर आजारांवरही पाजताना चालणारी औषधे उपलब्ध आहेत. क्षयाचे उपचार घेणारी आईसुद्धा मास्क लावून पाजू शकते. बाळाला प्रतिबंधक औषध द्यावे लागते एवढेच. एचआयव्ही असलेली आई नियमित उपचार घेत असेल तर तिलाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाजता येते.

काही प्रसंगी मात्र थांबावेच लागते. कर्करोगावरील रसायनोपचार आणि किरणोत्सारी आयोडीनचे उपचार ही त्यांतली ठळक उदाहरणे. अशा आईला 'बाळाच्या तोंडचे दूध काढले' असे म्हणणे हा केवळ क्रूरपणा आहे. जिवंत आणि बरी आई ही बाळाची पहिली गरज आहे. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य ते वरचे दूध स्वच्छ वाटी-चमच्याने द्यावे, बाटली टाळावी. अपुऱ्या दिवसांच्या व आजारी नवजात बाळांसाठी दूधपेढ्याही आहेत. आशियातील पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

मन, झोप आणि काम

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे स्वाभाविक आहे. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप उडाली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे. भारतातील अभ्यासांच्या २०१७ मधील एका एकत्रित आढाव्यात हे प्रमाण २२ टक्के, म्हणजे साधारण पाच आयांमागे एक, असे आढळले. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्या घरात तर त्या उदासीला खतपाणीच मिळते. यावर उपचार आहेत आणि पाजताना चालणारी औषधेही आहेत. मांत्रिकाकडे नव्हे, डॉक्टरकडे जावे. झोपेचे म्हणाल तर रात्रीचे पाजणे आईलाच करावे लागते; पण लंगोट बदलणे, ढेकर काढणे, पहाटे दोन तास बाळाला फिरवणे यांसाठी स्त्रीजन्माची अट नाही.

कामाच्या बाबतीत कायदा सर्व आयांना सारखा पोहोचलेला नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार आईला, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नासाहून कमी कामगार नसलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या. परंतु पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी आई या कायद्याच्या सावलीत प्रत्यक्षात येत नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फेडायची तर बाळंतिणीलाही फडात उभे राहावे लागते. पहाटे उठून कोपीत भाकरी थापायची, फडाच्या कडेला झोळी बांधायची, मोळ्या वाहताना मधेच येऊन पाजायचे. तिला 'विश्रांती घ्या, चौरस आहार घ्या' असे सांगणे म्हणजे थट्टाच. तिच्यासाठी फडाजवळ पाळणाघर, कारखान्याच्या परिसरात अंगणवाडीचा आहार आणि बाळंतपणानंतर काही महिने कोयत्यातून पैशांसह सुटका, याच खऱ्या आरोग्याच्या मागण्या आहेत.

आपल्या महाविद्यालयांतही तान्हे बाळ घरी ठेवून परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थिनी असतात. तीन तासांच्या पेपरात छाती दाटून येते, ब्लाउज भिजतो आणि लक्ष उडते. पेपरला निघण्यापूर्वी पाजावे किंवा हाताने दूध काढून उकळलेल्या स्वच्छ भांड्यात झाकून थंड जागी ठेवावे. ते तीन-चार तासांत घरच्यांनी वाटी-चमच्याने पाजावे. महाविद्यालयानेही तिला एक बंद होणारी खोली आणि दहा मिनिटे द्यावीत. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

दोन बाळांतील अंतर

पाजण्याने आईचाही फायदा होतो. गर्भाशय लवकर आकसते, रक्तस्राव कमी होतो, पुढील आयुष्यात स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका घटतो. पहिले सहा महिने केवळ अंगावर, रात्रंदिवस पाजत असेल आणि पाळी आलेली नसेल, तर गर्भ राहण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास असते. या तीन अटींपैकी एक जरी मोडली तरी हे संरक्षण संपते. 'अंगावर पाजते म्हणजे राहणार नाही' या भरवशावर राहून अनेक जणी वर्षाच्या आत पुन्हा गर्भार होतात आणि न भरलेली झीज दुप्पट होते. तांबी, अंतरा इंजेक्शन किंवा केवळ प्रोजेस्टेरॉन असलेली गोळी पाजताना चालते. नेहमीची मिश्र गोळी पहिले सहा महिने टाळावी. एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भारपणापर्यंत किमान दोन वर्षे जावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन वर्षे पाजणे आणि दोन वर्षांचे अंतर यांचा मेळ आपोआप बसतो.

हा विषय कला शाखेच्या अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्यातील कित्येक मुली पदवीनंतर थोड्याच वर्षांत आई होतील आणि कित्येक मुले बाप होतील. उद्याचे शिक्षक, ग्रामसेवक, पत्रकारही येथूनच बाहेर पडतील. बाळंतिणीला भेटायला जाताना आपण बाळासाठी झबले-टोपडे घेऊन जातो. त्या बाळंतविड्यात तिच्यासाठी शेरभर शेंगदाणे, गुळाची ढेप, जुडीभर मेथी ठेवावी. बाळाचे वजन विचारण्याआधी, ती जेवली का आणि तिच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारावे. आणि जमल्यास दोन तास बाळाला मांडीवर घेऊन तिला झोपू द्यावे.